तेलाचा हात

“ही परत आमच्या घरात यायला नको,” बाई म्हणाल्या, आणि बिभीषणच्या हातातला कापसाचा बोळा लाकडावरच थांबला. थांबायला नको होता. चपड्याचं पॉलिश ओलं असताना हात थांबला की तिथं डाग धरतो, मग सगळं घासून काढून पहिल्यापासून सुरुवात. हे त्याला झोपेतही माहीत होतं. तरी थांबला. शेठच्या या दुकानात लायसनच्या बंदुका विकायला आणि दुरुस्तीला येत. लोखंडाचं काम शेठ स्वतः बघत, आणि लाकूड मागच्या खोलीत बिभीषणकडे येई. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, तासायचा, जोडायचा, पॉलिश करायचा, एवढंच त्याचं काम. त्या खोलीत बसून त्याने पुढच्या काउंटरवरची बोलणी वर्षानुवर्षं ऐकली होती. कधी मिळेल. चमक आली पाहिजे. आजोबांची आहे, जपून. इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा केली होती, बघा कशी ओल धरून आली. पण बंदूक परत नको, असं कुणी म्हणालेलं त्याला आठवेना. त्याने बोळा बाजूला ठेवला. डाग धरला होताच. त्याच्याकडे बघताना त्याला राग आला नाही, नुसता कंटाळा आला, खांद्यातून सुरू होऊन बोटांपर्यंत उतरणारा. हल्ली हा कंटाळा सकाळीच येऊन बसायचा.

दारातून त्याने पाहिलं. पन्नाशीच्या बाई, गळ्यात कॉलेजच्या ओळखपत्राची निळी पट्टी, काढायची राहून गेलेली. काउंटरवर जुन्या नऊवारीत गुंडाळलेली दुनळी बंदूक. शेठनी कागद केले, सह्या झाल्या, बंदूक दुकानात जमा झाली. मग त्या निघतील असं वाटलं, तर त्या उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, “अजून एक काम होतं. लाकडाचं.” शेठनी मान वळवून हाक मारली. बिभीषण हात पुसत बाहेर आला.

त्यांचं नाव पंकजा. वडील गोरक्षनाथ, सगळे नाना म्हणायचे. संगमनेरकडे प्रवरेच्या काठाला त्यांची शेती, आयुष्य तिथंच गेलेलं. आई गेल्यावर पंकजाताईंनी त्यांना नगरला सावेडीत आपल्या फ्लॅटवर आणलं. बंदूकही आली, कारण ती ठेवून ते यायला तयार नव्हते. उसातल्या बिबट्यासाठी म्हणून कधीकाळी घेतलेली. बिबट्यावर कधी झाडली नव्हती, हवेत बार काढून हुसकावलं असेल तेवढंच. पण दर दसऱ्याला पूजा, झेंडू, आणि वर्षभर जवसाच्या तेलाचा हात. मग नानांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गाव, मग माणसं. काडतुसं ताईंनी तेव्हाच काढून घेतली होती. हे सगळं त्या एका सुरात सांगत होत्या, ऑफिसात कुणाला तरी अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगावं तसं.

“मागच्या महिन्यात मी कॉलेजातून आले. दुपारची वेळ. दार उघडलं तर समोर नाना उभे. बंदूक खांद्याला. माझ्याकडे रोखलेली. मी म्हटलं, नाना, मी आहे. त्यांनी चाप ओढला.” त्या थांबल्या. “खट् असा आवाज झाला. आत काही नव्हतं, मला माहीत होतं की काही नाहीय. तरी मला जरा वेळ कळेना, की मी उभी आहे.”

रस्त्यावर टेम्पो मागे घेताना वाजत होता.

“काढून घेतल्यापासून ते झोपत नाहीत. पलंगाखाली शोधतात. कपाटं उघडतात. रात्रभर दार धरून उभे राहतात, म्हणतात मोकळ्या हाताने राखण कशी करू. ते झोपत नाहीत म्हणून मी झोपत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने ते पडले.” मग बिभीषणकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही मला तशीच एक लाकडाची करून द्याल का? हुबेहूब. हातात धरल्यावर त्यांना कळू नये अशी.”

शेठ लगेच म्हणाले, “ताई, नकली बंदूक आम्ही करत नसतो. उद्या कुणी उचलली, कुठं दाखवली, तर माझं लायसन जाईल.” यावर ताईंनी काही युक्तिवाद केला नाही. पर्स उचलली, साडीची घडी घालायला लागल्या. त्या घडी घालण्याकडे बघत असताना बिभीषणच्या तोंडून गेलं, “त्ये धरत्यात कुठं?” त्यांना कळलं नाही. “म्हंजी झोपताना. हात कुठं असतो त्यांचा?” ताईंनी आठवून सांगितलं. नळ्या गवसणीतच असायच्या, खाकी कापडाच्या. बाहेर फक्त दस्ता. त्याच्या मानेवर नानांचा पंजा. “मग नळीचं काय काम हाय,” बिभीषण शेठना म्हणाला. “गवसणीत काठी घालू. बाहेर नुसता दस्ता. चाप न्हाई, घोडा न्हाई, काय न्हाई. लाकूडच की.” शेठनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “लाकूड असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मिस्तरी, हे तुझं तू बघ.” म्हणजे झालं. का बोललो, असं त्याला त्याच क्षणी वाटलं. हातातली कामं तशीच पडली होती आणि डोळे हल्ली संध्याकाळपर्यंतही साथ देत नव्हते.

तो दस्ता त्याने मागच्या खोलीत नेऊन खिडकीशी धरला. अक्रोडाचं लाकूड. वरून काहीच चमकत नव्हतं, चमक असलीच तर आत कुठंतरी खोल, विहिरीच्या तळाशी पाणी दिसावं तशी. हे असं वॉर्निशने होत नाही. वॉर्निश लाकडाच्या वर बसतं, हाताला गार लागतं, घाम आला की चिकटतं. चपड्याचं पॉलिश दिसायला देखणं, पण पावसाचा थेंब पडला की पांढरं होतं. आणि आता सगळ्यांना हवं असतं ते पीयू; लाकडावर काच ओतल्यासारखं, आतलं लाकूड दिसतं पण सापडत नाही. जवसाचं तेल तेवढं आत जातं. थेंबाथेंबाने, तळव्याने चोळून, चोळता चोळता तळवा तापेपर्यंत, आणि मग थांबायचं. दिवस दिवस थांबायचं. त्या थांबण्यालाच आता गिऱ्हाईक उरलेलं नव्हतं. दस्त्याच्या मानेला मुठीसाठी जाळी कोरलेली होती, आणि त्या जाळीच्या बारीक रेषांत कुंकू होतं, किती दसऱ्यांचं कोण जाणे, काळपट झालेलं. गालाशी येतो तो भाग एका जागी गुळगुळीत झाला होता. बिभीषणने तो बराच वेळ अंगठ्याने चाचपला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने दस्ता खांद्याला लावला आणि गाल टेकवला. इतकी वर्षं बंदुकीच्या लाकडात घालवून त्याने हे कधी केलं नव्हतं. त्याच्याकडे दस्ते यायचे ते नळीपासून सुटून, एखादा अवयव यावा तसे. ते खांद्याला लावायची वस्तू आहे हे त्याच्या मनातही यायचं नाही. लाकूड गार नव्हतं. खोबरेलाचा, तंबाखूचा आणि जुन्या जवसाचा वास आला, आणि कुणीतरी अगदी जवळ बसून श्वास घेतंय असं वाटून त्याने ते झटकन खाली ठेवलं.

संध्याकाळी सायकल ढकलत भिंगारकडे जाताना तो वास नाकातून जाईना. त्यातल्या तंबाखूमुळे असेल, त्याला त्याचा बाप आठवला. बजरंग. पाथर्डीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, कोरडं, दिवाळी झाली की अर्धं रिकामं व्हायचं. माणसं, बैल, भांडी, पोरं, सगळं ऊसतोडीला, साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत. बिभीषण त्याच कोप्यांत मोठा झाला आणि कळायला लागल्यावर तिथून पळून नगरला एका फर्निचरवाल्याकडे राहिला, कारण कोयत्यापेक्षा रंधा हलका वाटला होता. बाप म्हातारपणी त्याच्याकडेच आला आणि इथंच, भिंगारच्या खोलीत गेला. शेवटचे काही दिवस तो शुद्धीवर नव्हता. पण उजवा हात चालायचा. खाटेवर पडल्या पडल्या हात वर जायचा, खाली यायचा, मग डावा हात मूठ वळून काहीतरी बाजूला टाकायचा. वर, खाली, बाजूला. ऊस तोडत होता. बिभीषणने आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, आलटून पालटून तो हात धरून ठेवला होता, खाटेच्या लाकडावर आपटून सोलवटू नये म्हणून, आणि धरलेला हातसुद्धा आतल्या आत ओढ घ्यायचा. किती जोर होता त्यात. त्या जोराचं त्या वेळी त्याला नवल वाटलं होतं. दुःख नंतर, फार नंतर, कुठल्याशा दुकानात रंगाची वाट बघत उभा असताना एकदम आलं होतं, आणि दुकानदाराने विचारलं होतं, काय मिस्तरी, डोळ्यांत काय गेलं.

शेठच्या माळ्यावर अक्रोडाचा एक जुना ठोकळा होता. कुणी मागत नाही म्हणून पडून राहिलेला. तो काढला, धूळ झटकली, आणि काम सुरू झालं. तासणं, पटाशी, कानस, पॉलिशपेपर. मूळ दस्ता समोर ठेवून तो त्याच्याकडे बघे आणि मग डोळे मिटून दोन्हींवरून हात फिरवी, एकाच वेळी, उजवा जुन्यावर, डावा नव्यावर. आकार जमला तरी हात सांगायचा की हे पोरसवदा आहे. कडा जाग्या होत्या. लाकूड ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवलं की त्याचे तंतू उभे राहात, दाढीच्या खुंटांसारखे, ते पुन्हा घासायचे, पुन्हा ओलं करायचं. चैत्राचं ऊन होतं, वाळायला वेळ लागत नव्हता. रंगासाठी त्याने चहा उकळून लावला, त्यावर चिमूटभर काव, तांबडी माती. मग गोणपाटाने घासलं, राखेने घासलं, तळव्याने घासलं. चाळीस वर्षं एका माणसाने जे नकळत केलं होतं ते समजून उमजून करायला बसलं की किती लबाड वाटतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. खालच्या बाजूला मूळ दस्त्याला एक टोला होता, दगडावर पडल्याचा. तसा टोला द्यायला त्याने हातोडी उचलली आणि बराच वेळ धरून बसला. नव्या कोऱ्या कामाला आपण होऊन खोक पाडायची. हात उचलेना. मग त्याने दुसरीकडे बघत मारला.

पुण्याहून अमृतचा फोन आला. अमृत त्याचा मुलगा, तिकडे मोठ्या सोसायट्यांत कॉम्प्रेसर लावून दारं-कपाटं फवारायचा. “पीयू मारा ना बाबा,” तो म्हणाला. “मॅट येतं आता, अगदी तेलासारखं दिसतं. जेवून येईस्तोवर सुकतं.”

“दिसायला न्हाई रं पायजे.”

“मग?”

“धरायला पायजे.”

“तुमचं हे कधी संपायचं?” अमृतने विचारलं. तो चिडलेला नव्हता. काळजीनेच विचारत होता. बिभीषण म्हणाला, “संपलंयच की. ही येक राहिलीय.” बोलताना गंमत म्हणून बोलला, पण फोन ठेवल्यावर वाक्य खोलीत राहिलं.

तेल द्यायची वेळ आली तेव्हा तो नवा दस्ता घरी न्यायला लागला, कारण दुकानात दिवसभर धूळ, आणि ताईंचा रोज फोन, झालं का मिस्तरी. त्या फोनवर आवाज कमी करून बोलत. एकदा बोलता बोलता गप्पच झाल्या, बिभीषणला वाटलं फोन कटला, तर श्वास ऐकू येत होता. उभ्या उभ्या डुलकी लागली होती. त्याने हॅलो म्हटलं नाही. फोन कानाला लावून थोडा वेळ तसाच बसला आणि मग हळूच बंद केला. संध्याकाळी दाराशी पोतं अंथरून तो बसे. वाटीत कोमट तेल. चार बोटं बुडवायची, लाकडावर टेकवायची, आणि चोळायचं, रेषेच्या दिशेने, मग गोल, मग पुन्हा रेषेच्या दिशेने. लाकूड तेल पीत होतं. पहिल्या हाताला हपापल्यासारखं, मग सावकाश. मनकर्णा भाकऱ्या थापता थापता बघत होती.

“साऱ्या जल्मात लोकांच्या लाकडाला त्याल चोळलं,” ती म्हणाली. “माझ्या गुडघ्याला कदी चोळलं न्हाई.”

“दुखत्यात का लई?”

“आता इचारताय?”

त्याने दस्ता भिंतीला टेकवला. ती नको नको म्हणत असतानाच तिचा पाय पुढे ओढला. गुडघा सुजलेला होता, कातडी ताणलेली, आणि त्याच्या खरबरीत तळव्याखाली ती दचकली. “जवसाचं नगं,” ती म्हणाली, “वास येतो त्याचा.” तो उठून खोबरेलाची बाटली घेऊन आला. तळव्यावर ओतून चोळू लागला. त्याच्या मनात आलं की लाकूड समजतं तेवढं हे समजत नाही. किती दाबायचं, कुठं थांबायचं. मनकर्णाने तव्यावरची भाकरी करपतेय म्हणून त्याचा हात ढकलला आणि उठताना त्याच्या खांद्याचा आधार घेतला. तो आधार जरा जास्त वेळ राहिला. मग तीच म्हणाली, “त्या म्हाताऱ्याला कळलं तर?”

“काय?”

“फसावलं म्हून.”

दिवसभर तो तेच टाळत होता. लाकडाला हात देताना त्याला सारखं वाटे की आपण एका माणसाच्या बोटांशी खोटं बोलायची तयारी करतोय. डोळ्यांना फसवणं वेगळं, डोळे जन्मभर फसतच असतात. बोटं तशी नसतात. बापाचा हात शेवटपर्यंत ऊसच तोडत होता, त्याला कुणी काठी दिली असती तर त्याने ती टाकून दिली असती, असं त्याला उगाच वाटलं.

शेवटचा हात दिल्यावर त्याने मानेवर कोरलेल्या जाळीत कुंकू भरलं, ब्रशने झटकलं, पुन्हा भरलं. गालाच्या जागी थोडं खोबरेल, चिमूटभर तंबाखू चोळला. खाकी गवसणी ताईंनी आणून दिलीच होती, तिच्यात तेवढ्याच वजनाची काठी बसवली. शेठनी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं, उचलून बघितलं, आणि म्हणाले, “मिस्तरी, मला तर नाही कळत.” एरवी त्या एका वाक्यावर त्याचा आठवडा गेला असता. आता नुसतं ऐकलं.

ताईंनी विनंती केली होती की त्यानेच घेऊन यावं. दुरुस्तीला दिली होती, मिस्तरी परत घेऊन आले, असं सांगायचं. म्हणून रविवारी दुपारी तो सावेडीला गेला. लिफ्ट बंद होती. गवसणी खांद्याला लावून तो जिने चढला, प्रत्येक मजल्यावर थांबत, आणि वरून उतरणाऱ्या एका माणसाने त्याच्याकडे बघून भिंतीशी अंग चोरलं. दार ताईंनी उघडलं. त्यांचे डोळे आत गेले होते. घरात पडदे ओढलेले, पंखा, औषधांचा वास. नाना खुर्चीत बसले होते, धोतर, वर बंडी, मोठा हाडापेराचा माणूस, पण कुणीतरी आतून थोडा काढून घेतल्यासारखा. हात मांडीवर पालथे.

“नाना, हे मिस्तरी. तुमची वस्तू आणलीय दुरुस्त करून,” ताई जरा मोठ्याने म्हणाल्या.

नानांनी वर बघितलं. बिभीषण पुढे झाला आणि गवसणी आडवी धरून त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याचा उजवा पंजा सावकाश आला आणि दस्त्याच्या मानेवर बसला. बोटं जाळीत गेली. अंगठा फिरला. मग ते दस्ता नाकाशी घेऊन गेले, आणि खाली ठेवून पंज्याने त्याच्यावरून एकदा, शेवटपर्यंत, हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. नाना म्हणाले, “चा ठेव गं.” ताईंच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की कसला ते कळलं नाही, आणि त्या घाईने स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला. बराच वेळ नुसता नळच चालू राहिला.

“बसा,” नाना म्हणाले.

बिभीषण सोफ्याच्या कडेवर बसला.

“कुठलं गाव?”

“पाथर्डीच्या वर. डोंगराला.”

“आमच्याकडं तोडीला यायची मानसं तिकडली.” मग जराशाने, तितक्याच आवाजात, “लई चांगली केली. पर ही माझी न्हाई.”

बिभीषणने दस्त्याकडे बघितलं. कुठं चुकलो, हा पहिला विचार आला. टोला, वजन, तेल. नानांनी तो विचार जणू वाचला. “लाकडात काय न्हाई,” ते म्हणाले. “हात म्हंतोय माझीच हाय. पर माझी आसती तर पोरीनं ती परत घरात येऊ दिली आसती का?” स्वयंपाकघराकडे त्यांनी एकदा बघितलं. “म्या तिच्यावर रोखली हुती. मला सारं आठवत न्हाई. मधीच येतं, मधीच जातं. पर त्यो आवाज येतो. खट्.”

पंखा फिरत होता.

“खरी कुठंय?” नानांनी विचारलं.

“दुकानात हाय. जपून.”

“त्याल देता?”

“देतो.”

“मंग बास. तिला सांगू नगा. ती म्हंती म्या झोपत न्हाई. आता झोपतो. म्या झोपलो की ती झोपंल.” आणि पंजा परत मानेवर बसला, घट्ट, जणू बोलणं झालंच नव्हतं.

ताई चहा घेऊन आल्या. चेहरा धुतलेला, केसांच्या कडा ओल्या. नानांनी बशीत ओतून चहा घेतला आणि ढेकर दिल्यासारखं म्हणाले, “झाली बघ दुरुस्त. मिस्तरी हुशार हाय.” ताईंनी बिभीषणकडे बघितलं, डोळ्यांनीच विचारलं. त्याने मान हलवली. हो म्हणायला जेवढी हलवावी लागते तेवढीच. ते खोटं त्याला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. दुसऱ्याचं सामान जिना चढवून द्यावं तसं ते होतं, नेऊन ठेवलं की आपले हात मोकळे.

ताई समोरच्या खुर्चीत टेकल्या. काहीतरी सांगत होत्या, कॉलेजात परीक्षा सुरू आहेत, सुट्टी मिळत नाही, मिस्तरी तुमचे उपकार, असं. वाक्याच्या मध्येच त्यांचा आवाज बारीक झाला. मान एका बाजूला कलली, हातातला कप मांडीवर तिरका झाला. बिभीषण उठला, दोन बोटांनी कप काढून घेतला आणि टीपॉयवर ठेवला. त्यांना कळलंही नाही. तोंड किंचित उघडं, कपाळावरची शीर उडत होती. पडद्याच्या फटीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं, त्याने जाऊन फट बंद केली. आता निघावं. पण दाराला साखळी होती, कडी होती, वाजली असती. तो पुन्हा सोफ्याच्या कडेवर बसला, आणि मग हळूहळू मागे टेकला. किती दिवसांनी पाठ टेकली असं झालं. खाली कुणीतरी पोरांना ओरडत होतं, ते लांबून, पाण्यातून आल्यासारखं.

नाना ताईंकडे बघत होते. डोळ्यांतलं मघाचं काहीतरी विझत चाललं होतं, बिभीषणला ते दिसत होतं आणि त्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. ते पुढे वाकले, दस्ता मांडीवर सावरला आणि कुजबुजले,

“ह्या बाई कोन हायेत?”

“तुमची लेक,” बिभीषण तितक्याच हळू म्हणाला.

नानांनी ते ऐकलं. कुठं ठेवावं असा विचार केल्यासारखे थांबले. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“दमलीय,” ते म्हणाले. “झोपू द्या. म्या हाय.”